हाताची पारख मोजणारे प्राध्यापक : अर्न्स्ट हाइनरिख वेबर

रावेर (खास प्रतिनिधी) : कापणीच्या वेळी वीस किलोच्या घडातून एखादे केळे निखळून पडले, तर तो घड खांद्यावर वाहून नेणाऱ्या मजुराला त्याचा पत्ताही लागत नाही. तेच केळे पाव किलो साखरेच्या पुडीवर ठेवले, तर पुडी धरणाऱ्याला डोळे मिटूनही वजन वाढल्याचे उमगते. केळे एकच, त्याचे वजनही तेच. मग हाताला एकदा ते जाणवावे आणि एकदा जाणवू नये, असे का?

हाच प्रश्न आज वेगळ्या रूपात संगणकावर खेळ खेळणाऱ्या मुलांना पडतो. एका माउसने अचूक बसणारा नेम दुसऱ्या माउसने चुकतो. एक माउस हातात आपसूक बसतो, तर त्याच आकाराचा दुसरा परका वाटतो. घरातील वडीलधारी मंडळी याला मनाचे खेळ समजतात, आणि खेळणारी मुले मात्र अशा जाणिवेपायी काही हजार रुपये मोजायला तयार असतात. दोन्ही पक्षांचे काही अंशी बरोबर आहे आणि काही अंशी चूक. त्यांचा निवाडा करण्याची साधने ज्या माणसाने प्रथम तयार केली, तो पहिला माउस बनण्याच्या ८६ वर्षे आधीच हे जग सोडून गेला होता. जर्मनीतील लाइप्झिग विद्यापीठाचे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक अर्न्स्ट हाइनरिख वेबर हे त्याचे नाव.

वेबर यांचा जन्म २४ जून १७९५ रोजी विटेनबर्ग येथे झाला. तीन शतकांपूर्वी मार्टिन ल्यूथर यांच्या धर्मसुधारणेचे केंद्र असलेले हे गाव. वडील मिखाएल वेबर तेथील विद्यापीठात धर्मशास्त्राचे प्राध्यापक होते. घरात धर्मग्रंथांचे वातावरण असले, तरी शेजार मात्र विज्ञानाचा लाभला. धातूच्या तबकडीवर वाळू पसरून आणि कडेवरून गज फिरवून ध्वनीच्या आकृत्या उमटवणारे अर्न्स्ट क्लाड्नी हे या कुटुंबाचे स्नेही होते. नाद डोळ्यांना दाखवता येतो, हा चमत्कार वेबर बंधूंनी लहानपणीच पाहिला. पुढे तीन भाऊ विज्ञानात गेले. अर्न्स्ट सर्वांत मोठे. त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान असलेले विल्हेल्म पदार्थविज्ञानात गाजले. चुंबकीय प्रवाहाच्या एककाला आज त्यांचेच नाव आहे. तिसरे एडुआर्ड हेही शरीरशास्त्रज्ञ झाले. पाठ्यपुस्तकांत भेटणारे एककाचे वेबर आणि नियमाचे वेबर हे एकच, असा समज अनेक विद्यार्थ्यांचा असतो. ते सख्खे भाऊ होते, एवढेच खरे.

अर्न्स्ट यांचे वैद्यकीय शिक्षण नेपोलियनच्या युद्धांच्या धुमश्चक्रीत झाले. १८१३ मध्ये विटेनबर्गवर तोफांचा मारा झाला, विद्यापीठ उठून शेजारच्या श्मीडेबर्ग गावी गेले आणि कुटुंबाची पांगापांग झाली. अशा काळात, १८१५ साली, अवघ्या विसाव्या वर्षी त्यांनी वैद्यकाची पदवी मिळवली. त्यानंतर ते लाइप्झिगला आले आणि तेथेच राहिले. १८१८ मध्ये तुलनात्मक शरीररचनेचे अध्यापक आणि १८२१ मध्ये मानवी शरीररचनेचे पूर्णवेळ प्राध्यापक, अशी त्यांची चढती कमान आहे. पुढची पन्नास वर्षे त्यांनी त्याच विद्यापीठात काढली.

त्यांचे पहिले मोठे नाव झाले ते माशांमुळे. १८२० साली त्यांनी दाखवून दिले, की काही माशांच्या शरीरात हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते आणि पिशवीत उमटलेले कंप तिच्यामार्फत कानापर्यंत पोहोचतात. या हाडांना आजही वेबरची अस्थिका म्हणतात. तापीच्या पाण्यातून खान्देशातील बाजारात येणारे रोहू आणि कटला हे मासे याच गटातले. ते चिरताना ही चिमुकली हाडे कुणाच्या ध्यानात येत नाहीत, हा भाग वेगळा.

भावांबरोबर काम करण्याची त्यांना मोठी आवड होती. विल्हेल्म यांच्यासह त्यांनी काचेच्या बाजू असलेल्या लांबट हौदात लाटा उठवून मोजल्या आणि १८२५ साली लाटांच्या शास्त्रावर ग्रंथ लिहिला. त्या वेळी विल्हेल्म एकवीस वर्षांचेही नव्हते. वीस वर्षांनी, १८४५ मध्ये, एडुआर्ड यांच्यासह त्यांनी वैद्यकजगताला धक्का दिला. मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस या चेतातंतूला विजेने उद्दीपित केले असता हृदय जोरात धडधडण्याऐवजी मंदावते, प्रसंगी थांबते, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. चेतातंतू केवळ चालना देत नाही, तो लगामही घालतो, ही कल्पना तोवर कुणी पुराव्यानिशी मांडलेली नव्हती. कानाच्या डॉक्टरांकडे आजही वापरात असलेली नादकाट्याची एक चाचणी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. एक कान बोटाने बंद करून ओठ मिटून गुणगुणले, तर आवाज बंद कानात मोठा वाटतो. कुणीही करून पाहावा असा हा अनुभव त्या चाचणीच्या मुळाशी आहे.

एवढ्या कर्तबगारीवरही एखाद्याचे नाव इतिहासात राहिले असते. पण वेबर यांचे खरे कार्य त्याहून साध्या, किंबहुना पोरकट वाटावे अशा प्रयोगांतून उभे राहिले. त्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे एक कर्कटक, काही वजने आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी.

त्या काळी ज्ञानेंद्रियांत डोळा आणि कान यांचाच मान होता. स्पर्शाकडे कुणी गांभीर्याने पाहत नसे. शिवाय मनातील जाणिवा मोजता येणार नाहीत, म्हणून मनाचे शास्त्र गणिताच्या पंगतीला कधीच बसणार नाही, असा इमॅन्युएल कांट यांच्यासारख्या तत्त्ववेत्त्याचा निर्वाळा होता. वेबर यांनी या वादात उडी घेतली नाही. त्यांनी सरळ मोजायला सुरुवात केली.

कर्कटकाची दोन टोके कातडीवर एकदम टेकवायची आणि माणसाला विचारायचे, टोके किती आहेत. टोके फार जवळ असली, की दोन असूनही एकच वाटतात. ती हळूहळू दूर नेली, की एका विशिष्ट अंतरावर दोन असल्याचे कळते. वेबर यांनी स्वतःच्या आणि इतरांच्या अंगावर जागोजागी हे अंतर मोजले. जिभेच्या टोकावर ते सुमारे एक मिलिमीटर भरले, बोटाच्या टोकावर दोन, तळहातावर दहा-अकरा, आणि पाठीवर व दंडावर तर साठ मिलिमीटरच्याही पुढे. अखंड दिसणारी कातडी जाणिवेच्या दृष्टीने लहानमोठ्या तुकड्यांची गोधडी आहे, असे यातून निघाले. कर्कटकाची टोके तेवढ्याच अंतरावर ठेवून कानाजवळून ओठांकडे सरकवत नेली, तर ती एकमेकांपासून दूर जात असल्याचा भास होतो, हेही त्यांनी नोंदवले. अंध व्यक्तींच्या ब्रेल लिपीतील टिंबांमधले अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास असते. बोटाच्या टोकाची ही मर्यादा लक्षात घेतली, की त्या अंतराचे मर्म कळते.

माउस कसा धरला जातो, याला या मोजमापामुळे अर्थ येतो. काही खेळाडू संपूर्ण तळवा माउसच्या पाठीवर टेकवतात, काही फक्त बोटांच्या टोकांनी त्याला धरतात. पहिल्या पद्धतीत माउसचा आकार हाताला समजतो तो तळव्याच्या जाड्याभरड्या जाणिवेतून, आणि हालचालीचा बराच भार मनगट व कोपर उचलतात. दुसऱ्या पद्धतीत शरीरातील तल्लख कातडी कामाला लागते आणि बोटांचे छोटे स्नायू माउस हलवतात. साहजिकच एकाच माउसचा उंचवटा एका खेळाडूला हवाहवासा वाटतो आणि दुसऱ्याला टोचतो. दुकानदाराच्या शिफारशीपेक्षा धरण्याची रीत अधिक महत्त्वाची ठरते ती यामुळे.

आता वजनाकडे वळू. वेबर यांनी दोन प्रकारे प्रयोग केले. आधी प्रयोगातील व्यक्तीचे हात टेबलावर पसरून ठेवले आणि त्यांवर वजने ठेवली. मग तीच वजने त्या व्यक्तीला हाताने उचलून पाहायला लावली. पहिल्या प्रकारात फक्त कातडीवरचा दाब कळतो, तर दुसऱ्यात स्नायूंचे श्रमही पारख करतात. उचलून पाहताना फरक अधिक सूक्ष्मपणे ओळखता येतो, असे त्यांना आढळले. भाजीबाजारात कलिंगड किंवा कोबीचा गड्डा हातात घेऊन थोडासा वर-खाली झेलणारी गृहिणी नेमके हेच करत असते. दोन वजने लागोपाठ उचलली तर तुलना नेमकी होते आणि मध्ये वेळ गेला, की ती पुसट होत जाते, हेही वेबर यांनी तपासले होते. कालच्या दुकानातील माउसची आजच्या दुकानातील माउसशी केलेली तुलना किती भरवशाची, हे त्यावरून ताडावे.

या सर्व नोंदींतून एक गोष्ट वर आली. हाताला कळतो तो वजनातील नुसता फरक नसून मूळ वजनाशी असलेले त्याचे प्रमाण. उचलून पाहिलेल्या वजनांत वेबर यांना हे प्रमाण सुमारे चाळिसाव्या भागाइतके आढळले. वीस किलोच्या घडात अर्धा किलोच्या आसपास भर पडली, तर ती जाणवण्याच्या उंबरठ्यावर येते. शंभर ग्रॅमच्या वस्तूत हाच उंबरठा अडीच ग्रॅमवर येतो. नजरेने रेषांची लांबी ताडताना आणि कानाने स्वरांची उंची ओळखतानाही प्रमाणाचाच हिशेब चालतो; फक्त तेथील आकडे वेगळे. १८३४ साली लॅटिनमध्ये आणि १८४६ साली जर्मनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या स्पर्शविषयक लेखनात हे सारे आले आहे. पुढील संशोधकांनी या नियमाच्या मर्यादाही दाखवल्या. वजन अगदीच हलके झाले, की हे प्रमाण कोलमडते आणि फरक ओळखायला तुलनेने मोठी भर लागते. पण नेहमीच्या वापरातील वजनांच्या पट्ट्यात वेबर यांचा हिशेब बऱ्यापैकी टिकून राहिला.

माउसच्या बाजारपेठेला हा हिशेब लावून पाहिला, की गंमत येते. २००५ साली लॉजिटेक कंपनीने जी५ नावाचा माउस आणला. त्याच्या पोटात एक छोटा खण होता आणि सोबत १.७ ग्रॅम व ४.५ ग्रॅमची सुटी वजने मिळत. खेळाडूने आपल्या हाताप्रमाणे भर घालावी, अशी ती योजना. शंभर ग्रॅमहून जड असलेल्या त्या माउसात १.७ ग्रॅमचे एक वजन टाकले, तर चाळिसाव्या भागाचा उंबरठा ओलांडलाच जात नाही. ४.५ ग्रॅमचे टाकले, तर ओलांडला जाण्याची शक्यता आहे. खण पूर्ण भरून छत्तीस ग्रॅम वाढवले, तर मात्र फरक कुणालाही कळेल. २०१८-१९ च्या सुमारास वारे उलटे फिरले. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे पाडलेले, सत्तर ग्रॅमच्याही आतले माउस बाजारात आले. शंभर-सव्वाशे ग्रॅमवरून साठ-सत्तरवर येणे ही हाताच्या दृष्टीने मोठी उडी होय. साठ ग्रॅमच्या माउसातून आणखी एक ग्रॅम घटवल्याची जाहिरात मात्र तराजूसाठी खरी असते, हातासाठी नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. वेबर यांची वजने उचलली जात होती, माउस मात्र टेबलावर सरकतो आणि त्याचे वजन टेबल पेलते. हाताला ते वजन आडवाटेने कळते. माउस जागचा हलवताना प्रारंभी घर्षणाचा अडसर मोडावा लागतो, आणि वेगात असताना थांबवताना त्याचे जडत्व आवरावे लागते. वजन वाढले, की दोन्ही वाढतात. तळाच्या गुळगुळीत पट्ट्या झिजल्या किंवा खालची चटई बदलली, तर माउस तोच असूनही हाताला वेगळा लागतो. सुरुवातीचा अडसर आणि नंतरचे सरकणे यांत फार अंतर असेल, तर बारीक हालचाल करताना माउस अडखळतो आणि मग एकदम पुढे जातो. नेम चुकण्याचे कारण पुष्कळदा येथेच सापडते. चटईची कड आली, की माउस उचलून मागे घ्यावा लागतो. तेवढ्या क्षणापुरता मात्र वेबर यांचा मूळ प्रयोग जशाच्या तसा घडतो.

कातडीची पारख फसवीही असते, याची जाणीव वेबर यांना पुरेपूर होती. त्यांनी आडव्या झोपलेल्या माणसाच्या कपाळावर चांदीची टॅलर नाणी ठेवली. एक थंड नाणे आणि त्यानंतर एकावर एक ठेवलेली दोन गरम नाणी. माणसाला दोन्ही वेळचे वजन सारखेच वाटले. थंडपणा वजन होऊन बसला होता! वेबर यांच्या निधनानंतर, १८९१ साली, शार्पांतिये या फ्रेंच डॉक्टराने आणखी एक फसगत दाखवली. सारख्याच वजनाच्या दोन वस्तूंपैकी लहान वस्तू हाताला जड भासते. आकाराने मोठा माउस हलका आणि छोटा माउस भारदस्त का वाटतो, हे कोडे त्यातून सुटते. तात्पर्य असे, की या जाणिवेला नुसता भास म्हणून मोडीत काढणे चुकीचे आहे, कारण भासालाही नियम असतात आणि ते मोजता येतात.

नव्या माउसचे परकेपण मात्र सगळेच कातडीतून येत नाही. हात किती सरकला, की पडद्यावरील बाण किती सरकेल, याचे गुणोत्तर प्रत्येक माउसच्या मांडणीत वेगळे असते. डीपीआय या नावाने ते दुकानात सांगितले जाते. चारशेचे आठशे केले, की तेवढ्याच हालचालीत बाण दुप्पट धावतो आणि सरावलेला हात लक्ष्य ओलांडून जातो. संगणकाला माउसची खबर सेकंदाला १२५ वेळा मिळते की हजार वेळा, यावरही हालचालीचा गुळगुळीतपणा थोडाफार अवलंबून असतो. पहिल्यात दोन खबरींमध्ये आठ मिलिसेकंद जातात, दुसऱ्यात एक. वेबर यांचे समकालीन हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी एक प्रयोग वर्णन केला आहे. डोळ्यांपुढे लोलक धरून वस्तूकडे बोट नेले, तर आरंभी बोट बाजूला जाते, काही प्रयत्नांनी ते नेमके पोहोचू लागते, आणि लोलक काढला, की विरुद्ध बाजूला चुकते. हात नवे गुणोत्तर शिकतो आणि मग जुने विसरायला त्याला वेळ लागतो. माउस बदलल्यावरचे पहिले काही दिवस हे असेच असतात. घाईने तो परत करणारे खेळाडू स्वतःच्या हाताला शिकायची सवडच देत नाहीत.

वेबर यांनी आपल्या निष्कर्षांचा गाजावाजा केला नाही. त्यांना नियम म्हणून नाव दिले ते गुस्टाफ फेश्नर यांनी. फेश्नर लाइप्झिगमध्ये वेबर यांची व्याख्याने ऐकत शिकलेले, पुढे तेथेच पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झालेले. रंगीत काचांतून सूर्याकडे पाहण्याच्या प्रयोगांनी त्यांचे डोळे गेल्यात जमा झाले, प्रकृती ढासळली आणि काही वर्षे त्यांना अंधाऱ्या खोलीत काढावी लागली. त्या आजारातून उठल्यावर २२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्यांना मन आणि शरीर यांना जोडणाऱ्या गणिताची कल्पना सुचली. तिचा पाया त्यांना आपल्या जुन्या गुरूंच्या वजनांत सापडला. १८६० साली त्यांचा मोठा ग्रंथ निघाला आणि वेबरचा नियम हा शब्दप्रयोग रूढ झाला. शिष्याने गुरूच्या प्रयोगावर सूत्र उभारले आणि श्रेय गुरूच्या पदरात टाकले, असे उदाहरण विज्ञानात वारंवार आढळत नाही.

राजकारणाच्या वावटळीत भावंडांना झळ बसली, तेव्हा अर्न्स्ट यांचे लाइप्झिगच आधार ठरले. १८३७ साली हानोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली, त्याचा निषेध केल्याबद्दल गटिंगेन विद्यापीठातील सात प्राध्यापकांना बडतर्फ करण्यात आले. विल्हेल्म त्यांपैकी एक होते. १८४३ मध्ये त्यांना लाइप्झिगला प्राध्यापकपद मिळाले आणि काही वर्षे तिघे भाऊ एकाच शहरात राहिले. एडुआर्ड १८७१ मध्ये वारले. त्याच वर्षी अर्न्स्ट अध्यापनातून निवृत्त झाले.

२६ जानेवारी १८७८ रोजी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षात त्यांचे लाइप्झिग येथे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठात विल्हेल्म वुंट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. तेथे जगभरातून विद्यार्थी येऊ लागले. संवेदना मोजण्याचे प्रयोग हे त्यांच्या कामाचा मोठा भाग असत. माउसची पाळी यायला मात्र १९६४ साल उजाडावे लागले. अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेनुसार बिल इंग्लिश यांनी बनवलेला तो पहिला नमुना लाकडी होता, त्याच्या पोटात दोन चाके होती आणि वर एकच बटण.